पिठल्याचा डबा आणि नेपाळातलं छोटं चर्च

शालिनीचा फोन आला तेव्हा मी बदनापूरच्या स्टेशनावर जालन्याच्या बाजाराला जायच्या गाडीची वाट बघत बसले होते.

"मावशी, पाय मोडला माझा. पायऱ्यांवरून घसरले. सहा आठवडे प्लास्टर हाय म्हणतेत."

"मंग सैपाकाचं कोण बघून राह्यलं?"

"दानिएल. चार दिवसांपासून खिचडीच हाय. रूतनं आज ताट सरकवून दिलं." मग म्हणाली, "तू येशील का?"

शालिनी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती आणि तिचा नवरा दानिएल, दोघंही परतूरचे. मिशनरी म्हणून नेपाळच्या डोंगरात राहतात. तो तिथल्या एका शाळेत गणित शिकवतो, ती बायकांचा शिवणाचा वर्ग घेते, आणि शनिवारी भाड्याच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं प्रार्थनेला जमतात. तिकडं सुट्टी शनिवारची, म्हणून चर्चही शनिवारी. रूत त्यांची नऊ वर्षांची मुलगी.

माझ्या मुलाला, संदीपला, हे पटलं नाही. "आई, तिकडचा कायदा कडक हाय. कुणाला धर्म बदलायला लावला म्हणून तक्रार झाली की जेल. बाहेरच्या माणसाला तर शिक्षा भोगून झाली की देशातून काढतेत."

"मी भाकरी थापायला चालले रे, धर्म शिकवायला न्हाई."

शेजारच्या कमलबाई तेवढ्यात आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, आणि आमच्या गल्लीत सगळ्यांत मोकळं बोलणाऱ्या. "जाऊ दे रे तिला," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, बाजार सोडून कुठं गेली न्हाई ही."

हे खरं होतं. माझे मालक, हे, गेल्यापासून मी फारशी कुठं गेले नव्हते. मला शेपू आवडत नाही, ह्यांना आवडायची. अजूनही दर बाजाराला एक जुडी घेते आणि कमलबाईंना देऊन टाकते. वाचायची सवय मात्र टिकली. सातवीत शाळा सुटली, पण वाचनालयाचं कार्ड ह्यांनीच काढून दिलं होतं. जायच्या आधी नेपाळवर मिळालं तेवढं वाचून काढलं. त्याचा उपयोग कितपत झाला ते पुढं येईलच.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. जालन्याहून मनमाड, तिथून गोरखपूरची गाडी. स्लीपरचं तिकीट सातशेच्या आत बसतं, महिनाभर आधी काढा. गोरखपूरच्या स्टेशनाबाहेरूनच सोनौलीच्या बस सुटतात, तीनेक तास लागतात. सरहद्द पायी ओलांडायची. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण मतदान कार्ड जवळ ठेवा. मला शंभराच्या नोटा घेऊन यायला सांगितलं होतं, त्या सगळीकडं चालल्या. कमानीखालून पलीकडं गेलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. तिथून बुटवल, आणि बुटवलनंतर लगेच डोंगर. एका वळणावर वरून दगड येतात म्हणून ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मी खिडकीकडं बघायचंच टाळलं.

तानसेनला उतरून जीपनं आणखी दीड तास. गावाचं नाव देणार नाही. कारण वाचताना कळेल.

पिशवीत ज्वारीचं पीठ, बेसन, काळा मसाला आणि लसणाची चटणी होती. सोनौलीच्या शिपायानं चटणीचा वास घेतला आणि हसून पिशवी परत दिली.

पहिला आठवडा सुखाचा गेला. दिवाळीनंतरचे दिवस, संत्र्यांची झाडं लगडलेली, सकाळी खालची दरी धुक्यानं भरायची. घराघरातून मक्याची कणसं टांगलेली. दहा रुपयात चार संत्री. माझं काम ठरलेलं: सैपाक, शालिनीची अंघोळ, रूतची वेणी. शनिवारी चर्चची खोली झाडून सतरंज्या अंथरायच्या. चपला बाहेर, बायका डावीकडं, एक ढोलक. भाषा कळत नव्हती, पण चाली ओळखीच्या वाटायच्या.

तिथंच मनमाया दिदी भेटली. माझ्याच वयाची, बुटकी, चेहऱ्यावर उन्हानं केलेल्या रेघा. तिचा नवरा चर्चला यायचा नाही, पण तिला अडवायचाही नाही. रोज सकाळी ती आमच्या दारात एक लोटी दूध ठेवायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी माझ्या मोकळ्या गळ्याकडं, मग आभाळाकडं बोट केलं. तिला कळलं. तिनं माझा हात दाबला आणि म्हशीकडं निघून गेली.

मग एका सकाळी दूध आलं नाही. थोड्या वेळानं शंखाचा आवाज आला. खालच्या वाटेनं माणसं हिरव्या बांबूवर प्रेत घेऊन नदीकडं चालली होती. मनमायाचा नवरा गेला होता.

दानिएल शाळेत गेला होता. शालिनी औषध घेऊन झोपली होती. मी काय केलं ते सांगते. आमच्या जालन्याकडं मेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना बळंच दोन घास भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. आम्ही ख्रिस्ती झालो तरी ही चाल सुटली नाही. हे गेले तेव्हा कमलबाईंनी माझी हनुवटी धरून घास घातला होता. मी थुंकायला गेले तर म्हणाल्या, "गिळ. पोराकडं बघ आन गिळ." त्या घासानं मी त्या दिवशी उभी राहिले.

मी पिठलं हाटलं, दोन भाकरी थापल्या, डबा बांधला आणि दुपारी माणसं नदीवरून परतल्यावर खाली गेले.

अंगणात बायका बसल्या होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात शेणानं आखलेल्या चौकोनात मनमाया पांढऱ्या वस्त्रात एकटी, भिंतीला टेकून. बांगड्या गेलेल्या. कुणी तिच्याजवळ जात नव्हतं. मला वाटलं, रडून थकली म्हणून सोडलंय. मी ती रेघ ओलांडली, तिच्याजवळ बसले, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तोंड उघडलं. खाल्लं. दुसराही खाल्ला.

मग एक बाई किंचाळली, आणि मागून मनमायाच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, होमबहादुर, धावत आला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं. तो सुरतेत बरीच वर्षं राहिलेला, हिंदी चांगली. "क्या खिलाया? नमक है इसमें?"

"हाँ, नमक तो..." मी म्हणाले.

त्यानं डबा पायानं उडवला.

घरी येऊन शालिनीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "मावशी! मला उठवायचं तरी! तेरा दिवस त्यांना शिवत न्हाईत. मीठ चालत न्हाई. एकदाच खातेत, तेही स्वतः शिजवून."

"मला काय म्हाईत!"

"म्हणूनच इचारायचं असतं ना!"

मी वाचलं होतं नेपाळविषयी. राजे, डोंगर, नद्या. मिठाविषयी कुठं काही नव्हतं.

संध्याकाळी होमबहादुर चार माणसं घेऊन दारात आला. आत आला नाही, सुतकात होता. अंगणातूनच बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं: विधवा बाईला दुःखाच्या दिवशी खायला घालून, तिचं व्रत मोडून, ह्या लोकांना तिला पूर्ण आपल्याकडं ओढायचंय. उद्या वडा कार्यालयात या. तिथं निकाल नाही लागला तर पोलिसात उजुरी, म्हणजे तक्रार. वडा कार्यालय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं.

ते गेल्यावर दानिएलनं दाराला कडी घातली. रागावला असता तर बरं झालं असतं.

"माझ्यावर घेते मी सगळं," मी म्हणाले. "सांगते, ह्यांना काही म्हाईत नव्हतं."

"मावशी, तुम्ही पाहुण्या. पाहुणी कुणाच्या घरी राहती ते आधी बघतेत." तो रूतकडं बघत होता. रूत दप्तरात वह्या भरत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी शाळेच्या वह्यांसोबत तिनं आपले दोन फ्रॉकही ठेवले.

दुसरा दिवस शनिवार. चर्चची खोली उघडली नाही. दोन बायका वाटेवरून येताना दिसल्या. कुलूप बघून, न थांबता, पाणी आणायला निघाल्यासारख्या पुढं गेल्या.

वडा कार्यालयाला सुट्टी, पण आमच्यासाठी उघडलं होतं. तिथल्या सदस्य बाई, चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, टेबलामागं बसल्या. दानिएल आणि मी बाकावर. होमबहादुर दाराबाहेर पायरीवर. गावातली माणसं भिंतीला टेकून.

"आपको किसने भेजा था?" बाईंनी मला विचारलं.

"किसीने नहीं." मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं. आमच्याकडची चाल, माझा नवरा, कमलबाई. "कमलबाई बौद्ध आहेत," मी म्हणाले, "मी ख्रिस्ती. त्यांनी घास घातला तेव्हा माझा धर्म बदलला नाही."

भिंतीजवळचा एक म्हातारा हसला. होमबहादुर हसला नाही. "तुम्हारे घर में किया, ठीक. यह मेरा घर है. मेरा भाई है. भाभी ने माँगा था क्या? किसीने माँगा था?"

त्याचा आवाज फाटला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ह्या माणसाचा भाऊ मेलाय. ओठ सुकलेले, डोळे लाल. त्यानंही मिठाशिवाय एकदाच खाल्लेलं.

"माँगा था?" सदस्य बाईंनी मला विचारलं.

मी उत्तर देणार एवढ्यात बाहेर गडबड झाली. माणसं बाजूला सरकत होती, अंग चोरून. मनमाया येत होती. अनवाणी, पांढऱ्यात, डोक्यावरून पदर. आत येता येत नाही म्हणून अंगणातच उभी राहिली, आणि तिथूनच म्हणाली, "मैले मागेकी हुँ."

दानिएल माझ्या कानाशी म्हणाला, "मी मागितलं होतं, असं म्हणती."

तिनं मागितलं नव्हतं. मला माहीत होतं, तिला माहीत होतं, अंगणातल्या त्या बायकांनाही माहीत असणार. होमबहादुर तिच्यावर ओरडला. ती हलली नाही. भूक लागली होती, तिनं सांगितलं, आणि ह्या दिदीला खूण करून मागितलं.

सदस्य बाई माझ्याकडं वळल्या. "सच है?"

खोटी साक्ष देऊ नको, ही देवाची आज्ञा मी लहानपणापासून म्हणत आलेय. बाकावर दानिएल होता, घरी मोडक्या पायाची शालिनी आणि दप्तर भरून बसलेली रूत. बाहेर उन्हात मनमाया. ती माझ्याकडं बघत नव्हती, खाली जमिनीकडं बघत होती.

"हाँ," मी म्हणाले.

उजुरी झाली नाही. बाईंनी दानिएलला बजावलं: सुतकाच्या घरी पुन्हा जायचं नाही, खायला काही द्यायचं नाही. त्यानं मान डोलावली. पण ते सगळं मनमायावर गेलं. स्वतः मागून व्रत मोडलं म्हणून पुरोहितानं प्रायश्चित्त सांगितलं, आणि उरलेले दिवस तिला ओसरीऐवजी गोठ्यात बसवलं. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला तिला पुढं बसू दिलं नाही. मी आमच्या गच्चीवरून गोठ्याचं पत्र्याचं छप्पर बघायची. जायची मनाई होती. सकाळी दारात दूध येत नव्हतं.

माझ्या निघण्याच्या आधी दोन दिवस ती आली. दुधाची लोटी घेऊन, नेहमीसारखी. शालिनी खुर्चीत होती, म्हणून ह्या वेळी बोलता आलं.

"तिला इचार," मी म्हणाले, "का केलं असं?"

शालिनीनं विचारलं. मनमायानं लोटी खाली ठेवली. मग काहीतरी म्हणाली आणि शालिनी हसायला लागली, डोळ्यात पाणी आणून.

"काय म्हणती?"

"म्हणती, तुझ्या मावशीला सांग, मीठ जरा जास्तच पडल्तं."

मीही हसले. मनमायाही. मग ती गंभीर झाली आणि शालिनीच्या प्लास्टरवर हात ठेवून आणखी थोडं बोलली. ही इथून गेली असती तर शनिवारी मी कुठं गेले असते, असं.

परतीचा रस्ता तोच. फक्त बुटवलच्या उतारावर ह्या वेळी मी खिडकीतून बघत होते.

बदनापूरला आल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी रविवारी साक्ष द्यायला सांगितलं. मिशनच्या कामाला जाऊन आलेल्यानं चर्चपुढं उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं असतं. मी सगळं सांगितलं. "हाँ"पर्यंत आले तेव्हा पाळकसाहेब खोकले. पहिल्या बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मागून एक म्हातारी ओरडली, "मंग ती बाई आता कुठं राहती?"

तेवढा एकच प्रश्न आला. मी सांगितलं: घरात परत घेतलंय, पण चूल वेगळी केलीय. दीर बोलत नाही. शनिवारी चर्चला येते.

नंतर पाळकसाहेब दारात भेटले. हळूच म्हणाले, "खोट्याबद्दल क्षमा मागितली ना, बाई?"

मी म्हणाले, "मागेन."

रोज प्रार्थनेला बसते तेव्हा त्या "हाँ"पाशी येते आणि पुढं सरकत नाही. मला ती क्षमा अजून मागता आलेली नाही. जी मागते ती दुसरीच आहे. घास तिच्या तोंडाशी नेण्याआधी मी थांबले नाही, कुणाला विचारलं नाही, आणि तिचे आपल्या माणसासाठी ओसरीवर बसायचे दिवस होते ते माझ्यामुळं गोठ्यात गेले, त्याची.

तुमच्यापैकी कुणी अशा कामाला जाणार असाल तर जा. माणसं लागतात तिथं. स्वेटर घ्या, मतदान कार्ड घ्या, शंभराच्या नोटा घ्या. आणि कुणाच्या दारात दुःख झालं तर हातात डबा घेण्याआधी शेजारच्या बाईला विचारा की इथं काय करतात. ती सांगेल. मला कुणीही सांगितलं असतं.