मेंढीच्या काळजाची दोन अंगं

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा गंगाखेडच्या गुरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली. नवा डॉक्टर होतो आणि आपल्याला सगळं येतं याची पक्की खात्री होती.

पावसाळा सरता सरता गोदावरीकाठच्या एका धनगर बाईच्या मेंढ्या मरू लागल्या. आधी खंगायच्या, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची. मेलेल्या दोन मेंढ्या मी उघडल्या. हाताशी आला तो यकृताच्या उजव्या बाजूचा तुकडा काढून प्रयोगशाळेकडे धाडला. उत्तर आलं, विशेष दोष नाही, चारा वाढवा. मी बाईला तेच सांगितलं.

आठवड्यानं ती एक मरणपंथाला लागलेली मेंढी घेऊन दारात उभी.

"चारा घातला. आनखी तीन गेल्या. साहेब, काळजाचं एक अंग चांगलं अन् दुसरं दगडावानी ऱ्हातंय. तुमी कोणतं बघितलंत?"

"उजवं. तेवढंच," मी म्हणालो.

"ही काय वाचत न्हाई," ती म्हणाली. "कापा. पन आता समदं बघा."

मी मेंढी कापली. काळजाचे, म्हणजे यकृताचे, सहा भाग केले, प्रत्येक तोलला, पट्टीनं जाडी मोजली. निरोगी यकृत साखर साठवतं, आणि ताज्या कापावर आयोडीन टाकलं की ती तांबूस तपकिरी दिसते. उजवीकडे रंग फिका का होईना, पण चढला. डावीकडे आयोडीन पिवळंच राहिलं. तिथल्या पित्तनळ्या जाड, पांढऱ्या झाल्या होत्या. दाबल्यावर पानासारखे चपटे किडे बाहेर आले.

"हेच," बाई म्हणाली.

किड्यांचं औषध मागितलं, तर परभणीचे वरिष्ठ ऐकेनात. "एका मेंढीवरून?"

मग चार आठवडी बाजार मी ताडकळसला खाटकाशेजारी बसलो. माळावरच्या मेंढ्यांची यकृतं आयोडीननं दोन्ही अंगांनी सारखी रंगत. नदीकाठच्यांची डावी बाजू पुन्हा पुन्हा फिकी निघे. सगळी मापं मांडून तो कागद वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, हवं तर स्वतः कापून बघा." त्यांनी तो दोनदा वाचला आणि किड्यांच्या औषधावर सही केली.

हे किडे डोहाकाठच्या बारीक गोगलगायींतून गवतावर येतात. बाईनं कळप माळावर हलवला, मी औषध पाजलं. फार खालावलेल्या काही गेल्याच. बाकीच्या सावरल्या. थंडीत त्या व्याल्या.

"पयल्यांदाच दोनी अंगं बघितली असती," कोकरू खाली ठेवत ती म्हणाली, "तर त्या तिघी जगत्या."

"खरंय, मावशी. चूक माझी."

तिनं मान हलवली. "बरं. आता माझ्या जावेच्या कळपाकडं चला. तिच्याबी मेंढरांच्या जबड्याखाली पानी उतरायलंय."

मी पेटी उचलली.