उलटं फिरलेलं इंजिन

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. खरं नाव फक्त टपालवाल्याला माहीत असेल. एकतीस वर्षं त्यांनी कपडे शिवायच्या कारखान्यात काढली, पण शिवलं फार थोडं. पहिल्याच वर्षी त्यांचं मशीन बंद पडलं. मिस्त्री येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते स्वतःच उघडलं. मिस्त्री आला तेव्हा मशीन चालू होतं आणि मिस्त्री चिडला होता. पुढे तोच निवृत्त होताना आपली हत्यारांची पेटी यांच्या हातात देऊन गेला, आणि तेव्हापासून दोनशे मशिनांची दुखणीखुपणी बाईंच्या गळ्यात पडली.

बाई शिव्या देत नाहीत. काम अडलं की त्या यंत्राशी फार नम्रपणे बोलू लागतात. "आता आपण कृपा करून बाहेर येता का?" असं त्या एखाद्या बोल्टला म्हणाल्या, की समजून जावं, आज यांच्या वाटेला जायचं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. मोठा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर त्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला, आता घरात दोघीच. भावाचा एक टिलर होता, घरामागच्या बागा नांगरायचा, हँडल धरून मागून चालायचं तसला. आमच्या घरांच्या मागे प्रत्येकाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, मध्ये तारेचं कुंपण. भाजीपाला, फुलं, कोणाचे बटाटे. अशा चौदा पट्ट्या बाईंचे दादा दरवर्षी पेरणीच्या आधी नांगरून द्यायचे. ते गेल्यावर कोणी काही न सांगता बाईंनी टिलर बाहेर काढला आणि काम पुढे चालू ठेवलं. माझी पट्टी त्यांच्या शेजारचीच, त्यामुळे यंदाचा सगळा प्रकार मी कुंपणाच्या अलीकडून पाहिला.

यंदा दुसऱ्याच पट्टीत टिलरनं दगा दिला. आधी लोखंडी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, मग एक दणका बसला आणि इंजिनाच्या पोटाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. काळं तेल मातीत सांडलं. बाईंनी वाकून आत पाहिलं, बोट घातलं, आतल्या एका दांड्याचा तुटका तुकडा बाहेर काढला आणि रुमालात गुंडाळला.

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"हे माणूस असतं तर आता नातेवाइकांना कळवायला हरकत नव्हती," त्या म्हणाल्या.

वहिनींचं मत होतं, टिलर भंगारात द्यावा. "वन्सं, तो आमच्या लग्नाआधीचा आहे. माझे गुडघे गेले, त्याचं इंजिन गेलं. सोडा आता."

"वहिनी, गाडा शाबूत आहे, पाती शाबूत आहेत. फक्त इंजिन बदलायचं. एका दिवसाचं काम आहे."

हे 'एका दिवसाचं काम' पुढे बाईंना फार ऐकावं लागलं.

बाजारातल्या यंत्रांच्या दुकानात जाऊन त्या नवं इंजिन घेऊन आल्या. दुकानदारानं जुन्याचा फोटो पाहिला आणि सांगितलं, "अगदी हेच. डोळे झाकून बसवा." जुनं काढायला चार बोल्ट होते. एवढ्या वर्षांचा गंज, त्यामुळे नमनालाच घडाभर रॉकेल गेलं. तीन बोल्ट कुरकुरत सुटले, चौथ्याचं डोकं पान्यात आलं आणि धड तिथंच राहिलं. ते पोखरून काढण्यात पहिला दिवस संपला. दुसरा दिवस पुलीनं खाल्ला. पट्टा फिरवणारं हे चाक इंजिनाच्या दांड्यावर असं बसलं होतं, की जणू दोघांचा जन्म एकत्रच झाला. बाईंनी ते तापवलं, ठोकलं, पुली खेचायचं तीन पायांचं हत्यार लावून ओढलं. दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले तर त्या पुलीला म्हणत होत्या, "आपली इच्छा नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. आम्ही आग्रह करणार नाही." तासाभरानं पुली निघाली. तिचे दोन तुकडे झाले होते.

नवी पुली आणली. मग कळलं की नव्या इंजिनाच्या तळाची चार भोकं गाड्याच्या चार भोकांपैकी दोनच भोकांशी जुळतात. दुकानदाराच्या 'अगदी हेच' मध्ये अर्ध्या बोटाचा फरक होता. बाईंनी गोल कानस घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत दोन भोकं लांबट केली. कानशीचा कर्रकर्र आवाज गल्लीभर ऐकू यायचा. दर अर्ध्या तासानं कोणीतरी कुंपणाशी येऊन विचारायचं, "मग, कधी होतंय?" लोकांच्या खिडक्यांत रोपांचे डबे भरले होते, रोपं लांबडी व्हायला लागली होती. विचारणाऱ्यांचा काही दोष नव्हता. पण अकराव्या माणसाला बाई म्हणाल्या, "हे आपण माझ्याऐवजी या भोकाला विचारलंत तर बरं होईल."

चौथ्या दिवशी सकाळी इंजिन बसलं. तेल भरलं, पट्टा चढवला. बाईंनी दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्यात ते चालू झालं. आवाज अगदी गोड, शिलाई मशीनला साजेसा. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, मी कुंपणाशी, आणि पलीकडच्या पट्टीतले निवृत्त बसचालक फावड्यावर रेलून पाहत होते. बाईंनी मान ताठ केली, हँडल धरलं आणि पाती फिरवणारा दांडा दाबून धरला.

टिलर पुढे जायच्या ऐवजी मागे आला. नुसता आला नाही, अंगावर धावून आला. बाई दोन पावलं मागे सरल्या, मग चार, टाच वाफ्याच्या कडेला अडखळली आणि त्या घेवड्याच्या मांडवात जाऊन बसल्या. हातातला दांडा सुटल्यामुळे टिलर थांबला, एवढंच नशीब. मांडवाच्या काठ्या एक-एक करत खाली आल्या.

मग बसचालक म्हणाले, "रिव्हर्स मात्र चांगला आहे."

बाईंनी इंजिन बंद केलं, काठ्या गोळा करून भिंतीला टेकवल्या, हात धुतले आणि घरात गेल्या. त्या दिवशी त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. दुकानदार हात वर करून मोकळा झाला. "बाई, सगळी इंजिनं अशीच फिरतात. उलटं तुमचं जुनं होतं." आणि ते खरं निघालं. घरी येऊन बाईंनी फुटकं इंजिन उघडलं. त्यात ताकद मुख्य दांड्यावरून न घेता आतल्या दुसऱ्या दांड्यावरून बाहेर काढली होती. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की एक इकडे फिरतं, दुसरं तिकडे. शिवाय तो दुसरा दांडा निम्म्या वेगानं फिरायचा. म्हणजे नवं इंजिन उलटंही होतं आणि दुप्पट घाईचंही.

हे त्यांना फार लागलं. त्या संध्याकाळी मी मोडलेल्या मांडवासाठी सुतळी द्यायला गेले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या आणि पुढे चहा निवत होता. "कारखान्यात नवी मुलगी आली की मी पहिल्याच दिवशी तिला सांगायचे," त्या म्हणाल्या, "मशीनला हात लावायच्या आधी चाक कुठल्या बाजूला फिरतं ते बघ. एकतीस वर्षं सांगितलं. आणि मी काय केलं? दुकानदार म्हणाला डोळे झाक, मी झाकले."

"चुकतं माणसाचं," मी म्हटलं.

"चुकण्याचं दुःख नाही. चार दिवस त्याच्याशी झटत बसले आणि एकदासुद्धा पाहिलं नाही, त्याचं आहे." कप थोडा बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "आणि दादाला हे माहीत असणार. त्यानं कधी सांगितलं नाही."

वहिनी भांडी पुसत होत्या. "त्यांनी तुम्हाला कधी हात लावू दिला होता का त्याला? तुम्ही दिसलात की ते झाकणच लावून टाकायचे. बहीण आपल्यापेक्षा हुशार आहे हे त्यांना पटलं होतं, पण बघायचं नव्हतं."

बाईंनी वर पाहिलं. "हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही आज विचारलंत."

यावर बाईंना हसू आलं नाही. त्यांनी कप उचलला, गार चहा एका घोटात संपवला आणि त्या पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला गोल काढत बसल्या.

बसचालकांनी सुचवलं, पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा, म्हणजे फेरा उलटा होईल. बाईंना ते पटत नव्हतं, पण रोपं वाट पाहत नव्हती, म्हणून करून पाहिलं. टिलर पुढे गेला खरा. माझ्या पट्टीत एक ओळ झाली, दुसरी निम्मी झाली, आणि जिथं पट्टा स्वतःवरच घासत होता तिथून धूर निघाला. जळक्या रबराचा वास दोन दिवस माझ्या पडद्यांना येत होता. सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात. इथं दोन्ही गेलं.

"मी आपला एक विचार मांडला," बसचालक म्हणाले.

"आपला विचार पोचला," बाई म्हणाल्या.

राहिला होता एकच मार्ग. इंजिनच पाठमोरं करायचं. तोंड इकडचं तिकडे केलं की फेरा आपोआप सुलटा होतो. पण मग ते पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, गाड्याच्या बाहेर जातं, आणि तिथं त्याला बसायला जागा नाही. जागा करायला जाड लोखंडी पाट हवा, तो गाड्याला जोडायला वेल्डर हवा. वेल्डर म्हणाला मंगळवारी या. मंगळवारी म्हणाला गुरुवारी. गुरुवारी बाई टिलर ढकलत घेऊन गेल्या आणि त्याच्या दारातच स्टूल टाकून बसल्या. त्यांनी मापं कागदावर लिहून नेली होती. वेल्डरनं कागदाकडे बघितलं, म्हणाला, "एवढं आम्ही डोळ्यानंच करतो." त्याच्या डोळ्यानं पाट दोन बोटं वाकडा बसला. बाईंनी त्याला तो तोडून पुन्हा बसवायला लावला. त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण वेल्डरनंच नंतर कोणाला तरी सांगितलं, की एवढ्या अदबीनं त्याची इतकी खरडपट्टी आजवर कोणी काढली नव्हती.

इंजिन पाठमोरं बसलं. वेग कमी करायला लहान पुली लागली. आता घोडं दुसरीकडे पेंड खाऊ लागलं. सगळं वजन डावीकडे गेल्यामुळे टिलर दारुड्यासारखा त्या बाजूला कलायचा. बाईंनी कारखान्यातून निवृत्तीला मिळालेली ओतीव लोखंडाची जुनी इस्त्री माळ्यावरून काढली आणि उजव्या बाजूला तारेनं करकचून बांधली. धुराचं नळकांडं सरळ त्यांच्या नडगीवर रोखलेलं होतं, ते वाकडं केलं. आणि चालू करायची दोरी डाव्या हाताला आली. बाईंचा डावा खांदा कारखान्यात एकदा पडल्यापासून वर जात नाही. त्यांनी पाच वेळा ओढून पाहिलं. सहाव्यांदा दोरी हातात धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या यंत्राला काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता या रडतात.

वहिनी ओट्यावरून खाली उतरल्या, पदराला हात पुसत. "सरका."

"वहिनी, तुझे गुडघे—"

"गुडघ्यानं ओढायची आहे का?" वहिनी डावखुऱ्या. त्यांनी चप्पल काढून पाय रोवला, दोरी डाव्या हातात घेतली आणि एकदाच खेचली. इंजिन चालू झालं. "लहानपणी या हातावर मार खाल्लाय मी," असं म्हणून त्या पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या.

टिलर पुढे गेला. माती उलटत, थरथरत, जरा डावीकडे ओढ घेत, पण पुढे. बाईंचा चेहरा काही उजळला नाही. त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून बोल्ट चाचपायच्या. पुढचे पाच दिवस दोघी पट्टीपट्टीनं फिरल्या, बाई हँडल धरून आणि वहिनी एक घडीची खुर्ची घेऊन, कारण इंजिन बंद पडलं की दोरी ओढायला त्या लागायच्या. तोवर तिघांनी कंटाळून कुदळीनं खणून घेतलं होतं. त्यातल्या एकानं पाठ धरून बाईंना ऐकवलंही, की थोडं आधी झालं असतं तर बरं होतं. बाई म्हणाल्या, "हो." फक्त एवढंच.

माझी रोपं तीन आठवडे उशिरा लागली. निम्मी जगली.

शेवटची पट्टी बसचालकांची. ती संपल्यावर मी बाईंना म्हटलं, जमलं की शेवटी. त्यांनी इंजिन बंद केलं, पाटाखाली हात घातला आणि काळं बोट मला दाखवलं. कुठूनतरी तेल गळत होतं.

"जमलं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "चालतंय म्हणा."

वहिनींनी खुर्चीची घडी घातली आणि ती इंजिनावर ठेवली. दोघी टिलर ढकलत घराकडे निघाल्या, आणि तो डावीकडे जाऊ नये म्हणून दोघीही उजवीकडे झुकून चालत होत्या.