आत घेतलेला फ्रॉक

शिंप्याच्या आठ वर्षांच्या पोरीला चार महिने रोज तिन्हीसांजेला ताप चढायचा, गुडघे ठणकायचे, आणि का ते कुणालाच उमगत नव्हतं. तीन डॉक्टर झाले. तिघांचं पालुपद एकच, "दिसतेय तर छान. लाड कमी करा." बायको जाऊन दोन वर्षं झालेली. सल्ला विचारायचा तर शिलाई मशीनलाच.

चौथी डॉक्टरीण वयस्कर होती. पोट तपासायला तिने फ्रॉक वर केला आणि तिचा हात तिथेच थांबला. आतल्या बाजूला एकाशेजारी एक अशा तीन शिवणी होत्या.

"हा कितीदा आत घेतलात?"

"तीनदा, बाई. दर महिन्याला ढिला व्हायचा."

"बाबा म्हणतो, आता याचा रुमालच करू," पोर खुदकन हसली.

"ती एवढी वाळतेय, हे आधी कुणाला सांगितलंत?"

शिंप्याने मान खाली घातली. "कुणी वजनच केलं नाही. आणि कपडा अंगावर लोंबला तर लोक म्हणतील, पोरीला आई नाही."

डॉक्टरणीने कागद पुढे ओढला. मग तिने भराभर तपासण्या लिहिल्या. "आजार कोणता ते अजून माहीत नाही. पण आहे, हे नक्की. यापुढे हिचे कपडे ढिलेच राहू द्या."

पोरीला रक्त काढायला आत नेलं. बाहेरच्या बाकावर शिंपी शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाला, "ऐकलं हो आमचं, त्या डॉक्टरीणबाईंनी."

बाई फोनवर बोलत होती. तिने हातानेच थांबा म्हणून खुणावलं. तो थांबून राहिला.