बुवाचं तीर्थ

बुवाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, हे दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर कळलं, तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव आलं नाही. शिवी आली. बुवा म्हणजे आमचा बोका. कोविडमुळे माणसांना दवाखान्यात प्रवेश नव्हता. दारात टोपली द्यायची आणि गाडीत फोनची वाट बघत बसायचं. नवरा वडिलांच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेला आणि मागे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. हॅरिस पार्क या उपनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी, माझा लॅपटॉप आणि बुवा, एवढाच संसार उरला होता. त्यातलाही बुवा आता जाणार होता.

त्याला बुवा हे नाव का पडलं, ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. भिंतीतल्या कपाटाचं दार काढून मी देवघर केलं होतं. वरच्या फळीच्या हुकाला गळती टांगायची, म्हणजे ते बारीक भोकाचं तांब्याचं भांडं, आणि खाली ताम्हणात महादेवाची पिंडी. ‘ॐ नमः शिवाय’ सुरू झालं की हा लबाड जिथे असेल तिथून यायचा, शेजारच्या पाटावर डोळे अर्धे मिटून बसायचा आणि पूजा झाली की ताम्हणातलं तीर्थ लपालपा पिऊन टाकायचा. सासूबाई व्हिडिओ बघून म्हणायच्या, “अगं, योगभ्रष्ट जीव आहे तो! मागच्या जन्मीचं काहीतरी राहून गेलंय.” नातेवाइकांच्या ग्रुपवर बुवा माझ्यापेक्षा प्रसिद्ध झाला. पुढे त्याचं तीर्थ वाढत गेलं, त्याच्या शी-शूच्या डब्यातली वाळूही भराभर संपायला लागली. मग एका एकादशीला त्याने खाण्याला तोंड लावलं नाही. मी काय केलं असेल? ‘बुवांचा आज कडकडीत उपास’ असं लिहून फोटो टाकला. द्वादशीलाही तो जेवला नाही, उलट्या झाल्या, तेव्हा मी त्याला घेऊन धावले.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तो पाणी फार पितो का?” मी चक्क कौतुकाने सांगितलं, रोज होली वॉटर पितो म्हणून. त्या हळूच म्हणाल्या, मूत्रपिंडं थकली की शरीरात पाणी धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे निघून जातं, आणि तहान काही भागत नाही. बरं होण्यासारखं हे नाही. सांभाळलं तर थोडे दिवस चांगले जातील.

म्हणजे ती तहान होती. महादेवा, रोज तुझ्यासमोर बसून तो मुका जीव पाणी मागत होता, तुलाही कळू नये? आणि मी तिथेच उभी राहून व्हिडिओ काढत होते!

काही दिवस दवाखान्यात सलाईनवर ठेवून त्यांनी त्याला घरी पाठवलं. आता मीच त्याच्या पाठीच्या कातडीखाली सुई घालून सलाईन द्यायचं होतं. नर्सने दारातल्या दारात घाईने दाखवलंही. पण घरी पिशवी खुर्चीला टांगली, सुई उघडली आणि ती नेमकी टोचायची कुठे तेच आठवेना. बुवा पलंगाखाली पळाला. ओढून काढला तर मला ओरबाडलं, सुई माझ्याच बोटात गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मदतीला कुणाला बोलवावं तर लॉकडाऊन. त्या दिवसापासून मी पूजा बंद केली. पिंडी कोरडी ठणठणीत पडली. पडू दे! मला त्या कपाटाकडे बघवत नव्हतं. नवरा स्क्रीनवरून चाचरत म्हणाला, “अगं, त्याला इंजेक्शन देऊन सोडवू या का आता? किती हाल करायचे?” मी फोन कापला, खूप रडले, आणि दुपारी त्याला सोडवायला म्हणूनच टोपलीत घातलं.

पार्किंगमध्ये नंबर येईपर्यंत मी सलाईनची पिशवी मांडीवर घेऊन हुंदके देत होते. शेजारच्या गाडीतून एक गोऱ्या आजीबाई उतरल्या. मास्क, विटकं स्वेटर. दोन पावलं लांब उभ्या राहिल्या आणि काच खाली कर अशी खूण केली. “सुई जमत नाही ना, लव्ह?” मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या स्वेटरची बाही चिमटीत उचलली. “असा तंबू करायचा. सुई तंबूच्या दारातून आत. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेव. आणि त्याला धरू नकोस. तो आपणहून कुठे बसतो?”

मी रडता रडता म्हटलं, “देवाजवळ.”

“मग तिथेच दे की.” त्यांनी आपल्या गाडीतून सुयांचं न फोडलेलं पाकीट आणून माझ्या बॉनेटवर ठेवलं. “मला आता नको आहेत. नो वरीज.” त्यांच्या सीटवर मांजराची टोपली होती, वर घडी केलेला टॉवेल. मी त्यांना धड थँक यूही म्हटलं नाही. दवाखान्याला फोन करून आजची वेळ रद्द केली आणि घरी आले.

हुकाची गळती काढली, सलाईनची पिशवी टांगली. पाट मांडला. ‘ॐ नमः शिवाय’ सुरू केलं. आणि पलंगाखालून बुवा आला! अशक्त, झोकांड्या खात, पण आला आणि पाटावर बसला. मी त्याच्या कातडीचा तंबू केला. सुई कधी आत गेली, मला कळलं नाही. नळीत थेंब पडायला लागले. डोळे अर्धे मिटून तो तसाच बसून होता. पिंडीवर पडायचं पाणी बुवाच्या पाठीत जात होतं, आणि महादेव शेजारी कोरडा बसून बघत होता. त्याची काही तक्रार दिसली नाही. मीही केली नाही.

वसंतात जॅकरांडाची झाडं जांभळी फुलेपर्यंत बुवा माझ्याजवळ राहिला. रोज तोच अभिषेक. मग एका सकाळी मी जप सुरू केला आणि तो आला नाही. पलंगाखाली पडून नुसता बघत राहिला. त्याच दुपारी दवाखान्यात माझ्या मांडीवर त्याने मान टाकली. अशा वेळी एका माणसाला आत येऊ देत. बाहेर आले, टोपली शेजारच्या सीटवर ठेवली, त्याचा टॉवेल घडी करून वर ठेवला. आणि हात तिथेच थांबला.

‘मला आता नको आहेत.’ त्या दिवशी आजीबाईंची टोपलीही रिकामी होती. आपल्या मांजराला नुकताच आत शेवटचा निरोप देऊन त्या बाहेर आल्या होत्या. तशा अवस्थेत उतरून त्या मला बाहीचा तंबू करून दाखवत होत्या. माझ्यात तर किल्ली फिरवायचंही बळ नव्हतं.

मी मागितलं होतं की बुवा बरा होऊ दे. ते मिळालं नाही, आणि खोटं कशाला बोलू, अजून दुखतं. पण त्याची तहान माझ्या हातून भागली. देव आहे की नाही, यावर मी आता भांडत नाही. मिळेल ते ओंजळ पुढे करून घेते. गळती पुन्हा हुकावर चढली आहे. पूजा झाली की ताम्हणातलं तीर्थ मी स्वतः पिते. बरंच उरतं.