अण्णा, लांडगीण आणि माझं संगीत

गेल्या रविवारी तेरला, आमच्या गावी घरी होतो. दुपारी टीव्हीवर माळरानातल्या लांडग्यांची फिल्म लागणार होती, आणि तिचं संगीत माझं होतं.

मी प्राण्यांच्या डॉक्युमेंटरींना संगीत देतो. पुण्यात एका बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, महिनोन्‌महिने एकटाच. गावात कुणी विचारलं, "काय करतोस रं?" तर सांगता सांगता माझीच दमछाक होते... शेवटी "कॉम्प्युटरवर असतो" म्हणून मोकळा होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे कान पार गेलेत. मशीन आणून दिलं तर "कानात माशी गुणगुणती" म्हणून कपाटात टाकलं. आई होती तोवर माझी प्रत्येक धून ती फोनवर ऐकायची. ती गेली, तेव्हापासून घरातल्या कुणीच माझं काही ऐकलेलं नाही. खरं सांगतो, फार खुपतं हे.

शेजारच्या शेवंताकाकू खास फिल्म बघायला आल्या. पहिल्या ब्रेकपर्यंत नेटानं बसल्या, मग म्हणाल्या, "लांडगं लई भारी हायती. पण तुझं गाणं कवा लागतंय?" घ्या! एवढा वेळ मागं वाजतच होतं की... काकू गॅसवरचं दूध बघून येते म्हणून गेल्या, त्या गेल्याच.

अण्णा मात्र हलले नाहीत. खुर्ची पार पुढं ओढून, मोठमोठ्यानं बोलत होते, "आता बग, पिलास्नी हितंच ठिवती... न्हाय न्हाय, मागं वळली!"

आणि मला एकदम हसू आलं. असलं शूटिंग फार लांबून होतं, त्यामुळं माझ्याकडं येतं त्या चित्राला आवाज नसतोच. ही लांडगीण मी कितीतरी दिवस अशीच मुकी बघत बसलो होतो, आणि अशीच एकट्यानं बडबड करत होतो.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

त्यांनी वळून पाहिलं. "ह्यात तुझं काय हाय रं?" पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. आता हे ओरडून काय सांगणार, कप्पाळ! त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला. लांडगीण चालू लागली तसा ठेका चालला, ती पळाली तसा पळाला. अण्णा कधी हाताकडं बघत, कधी पडद्याकडं. मग तोंडभरून हसले.

पुढं तिचं एक पिलू दिसेनासं होतं, आणि ती नुसतीच उभी राहते. तिथं मी संगीत ठेवलेलं नाही. माझी बोटं थांबली.

"का थांबलास?"

मी मान हलवली. इथं काही नाही, एवढंच खुणेनं सांगितलं.

अण्णा बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग माझी बोटं मुठीत धरून म्हणाले, "तुझी आई गेल्यापस्नं हितंबी असंच हाय."

माझे डोळे भरून आले, ते तसेच राहू दिले.

फिल्म संपली, नावं वर सरकत गेली. त्यात माझंही गेलं असणार... आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. आईनंतर माझं काम इतकं मन लावून कुणी ऐकलं असेल, तर ते अण्णांनीच.