व्याह्यांच्या डोक्यावरची जर्मन टोपी

जर्मन बादशहाच्या फौजेतल्या जुन्या टोप्या जमवणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात मी एकटाच असावा. दुसरा असता, तर एव्हाना माझ्याशी भांडायला आला असता. माझी नोकरी माजरीच्या खाणीत हजेरी लिहिण्यात गेली आणि उरलेला वेळ परदेशातल्या म्हाताऱ्या संग्राहकांना पत्रं धाडण्यात. कुरियरवाला पार्सल देताना दर वेळी विचारतो, बँडपार्टीत आहात का. मी हो म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं साम्राज्य दारात उभ्या माणसाला कुठून समजावणार?

टोप्या एकूण सोळा. सगळ्यांत लाडकी एका साध्या शिपायाची: गोल, गडद निळी, लाल पट्टीची, पुढे छज्जा नसलेली. समोर दोन बिल्ले, वरचा साम्राज्याचा, खालचा त्याच्या राज्याचा. दोन्ही मूळचे. अशी टोपी मिळायला मला अकरा वर्षं लागली. बायकोच्या मते तेवढ्यात दोन पोरी शिकून झाल्या असत्या. आम्हाला एकच आहे, आणि ती शिकली.

तिच्याच लग्नात घोटाळा झाला. आमच्याकडे वरपक्षाच्या मानकऱ्यांचा शेला-टोपी देऊन सत्कार करतात. पाहुणे गडचिरोलीकडचे, धान पिकवणारे. व्याह्यांचं डोकं मोठं. आणलेल्या पांढऱ्या टोप्यांपैकी एकही त्यांना बसेना. सत्काराचं काम माझ्या साळ्याकडे होतं. तो घरी पळाला आणि त्याने कपाटावरचा खोका उघडला. खोक्यावर मीच ठळक अक्षरांत 'टोप्या' असं लिहिलं होतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. सोळांतली नेमकी तीच का उचलली, तर लाल रंग शुभ वाटला म्हणे. मी मांडवात पोचलो तेव्हा टोपी व्याह्यांच्या डोक्यावर होती आणि अगदी मापात बसली होती.

सत्काराची टोपी कोणी परत मागत नाही. मागितली तर व्याह्यांचा अपमान, आणि त्याचे चटके लेकीला. एवढं मलाही कळत होतं. म्हणून मी मागितली नाही. फक्त दर रविवारी लेकीला फोन करू लागलो. टोपी कुठे टांगली आहे, भिंतीला ओल नाही ना, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवलास का. सासरे ती घालून चिखलात धानाच्या रोवणीला तर जात नाहीत? जात होते. ते ऐकून दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

श्रावणात धीर सुटला. मोठ्या मापाची नवी कोरी टोपी पिशवीत घालून मी निघालो. बदलून कशी मागायची, याची चार वाक्यं बसमध्ये पाठ केली. त्यांची गरजच पडली नाही. व्याही अंगणात होते, टोपी डोक्यावर, काठाला चिखल. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच ती काढून माझ्या हातात ठेवली. सुनेनं सांगितलं, तुमचा जीव यात अडकला आहे, आधीच बोलायचं होतं भाऊ, असं म्हणाले. राग नाही की टोमणा नाही. मी दिलेली नवी टोपी घालून ते बांधावर निघून गेले.

मी ओसरीतच बिल्ले तपासायला बसलो. दोन्ही शाबूत होते. मला इतका आनंद झाला की लेक समोर कधीपासून उभी आहे, याचं भान राहिलं नाही. मग वर पाहिलं. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या आणि गालाची हाडं दिसत होती.

"काऊन वाळली वं एवढी?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात मलेरिया झाला होता," ती म्हणाली. "त्यात तुमचे तीन फोन आले. आईले मुद्दाम नाई सांगितलं, ते रडत बसली असती. तुम्ही विचारलं असतं, त सांगितलं असतं."