मीटरमागे दोन सेंटिमीटर

धोंडबा रामटेके हा माणूस मला चौतीस वर्षं कळलाच नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पोलादाच्या प्लांटमधल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, मी बाबू आणि तो पॅटर्न शॉपमध्ये सुतार. पोलादाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. ते लाकूड वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. धोंडबा ते लाकूड घडवायचा. आम्ही सगळे पोलादाचं कौतुक करायचो. "धोंडबा, तुझं काम शेवटी रॅकवर धूळच खाणार," असं मी चिडवायचो आणि तो नुसता हसायचा.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघेही प्लांटजवळच्या कोहक्यात शेजारी झालो. त्याची मुलगी प्रेरणा गोव्याला, जुन्या नौका दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात इंजिनिअर. गेल्या वर्षी तिथे शंभराहून जास्त वर्षांची एक शिडाची नौका आली. बाहेरून धडधाकट, पण आतली बाकं, कपाटं, केबिनच्या भिंतींना लावलेल्या सागाच्या पट्ट्या, सगळं कुजलेलं. तिथल्या दोन सुतारांनी हात टेकले, कारण नौकेच्या पोटात सरळ रेघ म्हणून सापडत नाही. पोरगी साहेबांना बोलून बसली, "माझे बाबा करतील." नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. आता बाबांचं काम बसलं नाही तर तिथे तिच्या शब्दाला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

प्रेरणाने आतली सगळी मापं कागदावर उतरवून पाठवली. मागोमाग ट्रकने नौकेतलं वाचलेलं जुनं सागाचं लाकूड आलं. लागेल तेवढं नवं सुपेल्याच्या बाजारातून आणलं. धोंडबाने घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आधी नौकेचं पोटच उभं केलं: मापाबरहुकूम कापलेल्या प्लायवूडच्या वाकड्या फासळ्या, साडेतीन मीटर लांबीच्या. मग त्यात आतून सागाच्या पट्ट्या चढवायला घेतल्या.

दोन महिन्यांनी त्याने मला बघायला बोलावलं. मी आत पाऊल टाकलं. चहूकडून लाकूड वळत वर जात होतं. एकही खिळा दिसत नव्हता. नव्या पट्टीतून जुन्या पट्टीत हात फिरवला तरी सांधा लागेना. मी बाहेर येऊन चपला काढल्या आणि पुन्हा आत गेलो. का काढल्या ते मला आजही सांगता येणार नाही.

"उभे कावून राहिले, श्यामरावजी? बसा न," तो म्हणाला.

बसायला बाकाची पुढची फळी तेवढी बसवायची होती. ती मूळ नौकेतलीच, दोन मीटरची, जशीच्या तशी वाचलेली. त्याने ती जागेवर धरली, तर एका टोकाला दीड इंच मोकळं राहिलं.

"जुनं लाकूड हाय. आकसलं असन."

दीड इंच? मी बाबू असलो तरी इतका बाबू नाही. मी घरातून साधा टेप आणला आणि त्याच्या हातातल्या स्टीलच्या मोजपट्टीशेजारी धरला. त्याचा मीटर माझ्या मीटरपेक्षा दोन सेंटिमीटर लांब होता.

धोंडबाने टेप उलटा करून पुन्हा लावून पाहिला. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच मुळात वाढीव आखलेली असते. मीटरमागे दोन सेंटिमीटर. चौतीस वर्षं तीच पट्टी हातात, आणि गोव्याची मापंही त्याने तिनेच आखली होती. फासळ्या मोठ्या, म्हणून पट्ट्या मोठ्या, म्हणून सगळंच मोठं.

"लाकडाले कोण वितळवणार होतं, सांगा?" म्हणत तो खाली बसला.

ट्रक पंधरा दिवसांनी येणार होता. मी हळूच सुचवलं, मापंच चुकीची आली असं सांगून टाक, कोण बघायला येतंय. धोंडबाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच शरम वाटली.

"मंग माही पोट्टी खोटी पडन न." त्याने तिथेच फोन लावला. "प्रेरणा, चूक माही हाय. तुही नाही. साहेबाले तसंच सांग."

पलीकडून ती एवढंच म्हणाली, "बाबा, टाइम पे हो जाएगा ना?"

"होते," तो म्हणाला.

टोकं छाटून भागणार नव्हतं, कारण प्रत्येक वळण मोठं झालं होतं. त्याने सगळं सोडवलं. फासळ्या नव्याने आखून कापल्या. मग एकशे बारा पट्ट्या, एकेक करून, रुंदीला आणि लांबीला त्यांच्या त्यांच्या हिश्श्याने रंध्याखाली घेतल्या. पोलाद आपलं आपण आकसतं. इथे एक म्हातारा अख्खी केबिन हाताने आकसवत होता. मी टेप धरून बसायचो. त्याची बायको, रुक्मावहिनी, जेवायला हाका मारून थकायच्या. तेरा दिवस मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी सांगताना मलाच खरं वाटत नाही. चौदाव्या दिवशी ती जुनी फळी जागेवर गेली आणि मधे कागदही शिरेना.

सगळं पुन्हा सुटं करून सामान ट्रकने गोव्याला गेलं. दहाव्या दिवशी सकाळी प्रेरणाचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघं एका फोनवर वाकलो. शेवटची पट्टी तेवढी राहिली होती. तिने ती तळव्याने दाबली. हातोडी लागली नाही. पट्टी जागेवर बसली.

"बाबा, बोटीचे मालक उभे आहेत इथे. पूछ रहे हैं, तुमचे बाबा बोट पाहायले किती वेळा आले होते?"

"मंग? काय सांगितलं तू?"

"सांगितलं, एकदाही नाही. माझ्या बाबांनी समुद्रच नाही पाहिला."

खरंच होतं ते. आमच्या धोंडबाने सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते मरोद्याच्या तलावाचं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि फोन जरा जवळ घेतला.

"प्रेरणा," तो म्हणाला, "मी आलो तं आत बसू देतीन का मले?"

 तिकडे फोन हलला, आणि पडद्यावर उंच, पांढऱ्या केसांच्या त्या मालकाने केबिनच्या दारात वाकून पायातले बूट काढले.